अंदमानात दोघांचे सात दिवस

अंदमानात आठवडाभराची सुट्टी आखताना जमिनीवरच्या सहलीची सवय आधी बाजूला ठेवावी लागते. महाबळेश्वरहून पाचगणीला जाणारी एसटी चुकली तर तासाभरात दुसरी मिळते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणारी दुपारची शेवटची बोट चुकली, तर मुक्काम आहे तिथेच पडतो. बोटी दिवसा चालतात, जागा मोजक्या असतात आणि समुद्र खवळला की त्या रद्द होतात. त्यामुळे काय काय पाहायचे याची यादी नंतरची. विमान, बोटी, भरती-ओहोटी आणि ऊन या चार वेळा आधी कागदावर मांडल्या की बाकीचा बेत त्यांच्या अवतीभोवती आपोआप बसतो.

छोटे खडक धरून अंदमान-निकोबारमध्ये आठशेहून अधिक बेटे आहेत. वस्ती त्यांतल्या थोड्यांवरच, आणि पर्यटकांना मोकळी त्याहूनही थोडी. निकोबार बेटे सामान्य पर्यटकांना खुली नाहीत. भारतीय नागरिकाला राजधानी आणि जवळच्या प्रसिद्ध बेटांवर जायला वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरते. दोघांपैकी एक जण परदेशी पासपोर्टवर येणार असेल तर मात्र त्याच्यासाठीचे नियम आणि नोंदणी तिकीट काढण्याआधीच पाहून घ्यावी. नावांबाबतही थोडी सावधगिरी लागते. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाले. बोटींच्या संकेतस्थळांवर, हॉटेलांच्या पत्त्यांत आणि लोकांच्या बोलण्यात जुनी-नवी दोन्ही नावे चालतात. एकाच बेटाचे दोनदा आरक्षण व्हायला नको असेल तर जोड्या लक्षात ठेवलेल्या बऱ्या.

जाण्याचा काळ पावसावर ठरतो. या बेटांवर दोन्ही मोसमी वारे पाऊस आणतात. नैऋत्य मोसमी पाऊस इथे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोहोचतो, म्हणजे कोकणात येण्याच्या पंधरवडाभर आधी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यांचा पाऊस असतो आणि उपसागरात चक्रीवादळे उठण्याचाही तोच काळ. वर्षभरात मिळून सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. डिसेंबर ते एप्रिल हा त्यातल्या त्यात कोरडा काळ. त्यातही फेब्रुवारीपासून समुद्र शांत होत जातो आणि पाणी स्वच्छ दिसते. महाराष्ट्रातल्या कुटुंबांचा ओढा दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीकडे असतो. नाताळात गर्दी आणि दर दोन्ही टोकाला जातात, मेअखेर पावसाची धास्ती असते. शाळेच्या वेळापत्रकाला न बांधलेल्या दोन मित्रांना किंवा मैत्रिणींना फेब्रुवारी-मार्चचा मोकळा आठवडा निवडता येतो, आणि तो निवडावाच.

घड्याळाचा प्रश्न बहुतेकांना तिथे पोहोचल्यावर उमगतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. मुंबई त्याच्या पश्चिमेला ७३ अंशांजवळ आहे, तर अंदमान पूर्वेला ९३ अंशांजवळ. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. दोन्हींतला वीस अंशांचा फरक म्हणजे ऐंशी मिनिटे. डिसेंबरच्या मध्यावर मुंबईत सकाळी सातच्या सुमारास उगवणारा सूर्य अंदमानात साडेपाचलाच वर आलेला असतो. संध्याकाळी मुंबईत तो सहाच्या सुमारास मावळतो, तिथे पाच वाजताच अंधारू लागते. सकाळी नऊला उठून निवांत नाश्ता करणाऱ्याचा निम्मा प्रकाश तिथे गेलेला असतो. म्हणून दोघांपैकी कोण किती वाजता उठतो ही किरकोळ वाटणारी बाब इथे बेताच्या मुळाशी येते. एकाला पहाटे पाण्यात उतरायचे असेल आणि दुसऱ्याला दहापर्यंत झोपायचे असेल, तर ते घरीच बोलून घेतलेले बरे.

तसे बोलणे आणखीही काही बाबतीत लागते. दोघांपैकी कोणाला पोहता येते, कोणाला पाण्याची भीती वाटते, कोणाला बोट लागते? शाकाहारी-मांसाहारी कोण? एकाला रोज काहीतरी ‘करायचे’ असते आणि दुसऱ्याला वाळूवर पुस्तक घेऊन पडायचे असते, ही तफावत सगळ्यात जास्त आढळते आणि तीच सगळ्यात कमी बोलली जाते. दिवसाचा एक कार्यक्रम दोघांचा आणि उरलेला वेळ ज्याचा त्याचा, एवढे आधी ठरले तर सातव्या दिवशीही दोघे एकमेकांशी नीट बोलत असतात. एकट्याने घालवलेली दुपार म्हणजे रुसवा नव्हे, हे दोघांनाही मान्य हवे. मैत्री जुनी असली तरी सलग सात दिवस एका खोलीत राहण्याचा अनुभव बहुधा नवा असतो.

खर्चाच्या दृष्टीने दोन ही संख्या सोयीची आहे. खोलीचे भाडे दोघांचे धरूनच सांगितलेले असते, भाड्याची एक स्कूटर दोघांना पुरते, बंदरावरून घेतलेली रिक्षाही निम्म्यात पडते. सुरुवातीला सारखी काँट्री काढून एक सामाईक पाकीट करावे आणि जेवण, स्कूटर, पेट्रोल, प्रवेशशुल्क त्यातून द्यावे. स्कूबा डायव्हिंगसारखा खर्चिक छंद, खरेदी आणि ज्याचे त्याचे खास जेवण मात्र ज्याच्या त्याच्या खिशातून. विमान आणि बोटीची तिकिटे एकाच्याच कार्डावरून काढली जातात, तेव्हा तो मोठा आकडा निघण्यापूर्वीच चुकता करून टाकावा. सुट्टीचा एकूण खर्च किती हे सांगणे कठीण, कारण विमानाचे भाडे हंगामानुसार कितीतरी पटींनी बदलते. पण खर्चात सर्वांत मोठा वाटा बहुधा विमानाचा, त्याखालोखाल राहण्याचा, हा क्रम सहसा चुकत नाही. पैसे वाचवायचे तर तारखा पुढेमागे करून विमानात वाचवावेत. बोटीत किंवा पाण्यातल्या सुरक्षिततेत नव्हे.

महाराष्ट्रातून जाताना बहुधा चेन्नई, कोलकाता, बंगळूर किंवा हैदराबादला विमान बदलावे लागते. चेन्नई आणि कोलकाता दोन्ही ठिकाणांहून बेटे सुमारे तेराशे किलोमीटरवर आहेत आणि हा टप्पा दोन ते सव्वादोन तासांचा आहे. जहाजानेही जाता येते, पण चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून एका बाजूलाच तीनेक दिवस लागतात. आठवड्याच्या सुट्टीत ते बसत नाही. मुंबई-पुण्याहून रात्री किंवा पहाटे निघून सकाळीच वीर सावरकर विमानतळावर उतरणारी जोडणी मिळाली तर पहिला दिवस हाती लागतो.

विमानाच्या तारखा पक्क्या झाल्या की लगेच बोटी पाहाव्यात आणि त्यानंतर खोल्या. बरेच जण आधी हॉटेल घेतात आणि मग त्या दिवशीच्या बोटीत जागा नसल्याचे कळते. राजधानीहून स्वराज द्वीपला जाणाऱ्या बोटी दोन प्रकारच्या. सरकारी बोटी स्वस्त, थोड्या संथ, फिनिक्स बे धक्क्यावरून सुटणाऱ्या. त्यांच्या जागा स्थानिक लोकांनाही लागतात हे ध्यानात ठेवावे. खासगी वातानुकूलित बोटी महाग, पण दीड ते दोन तासांत पोहोचवणाऱ्या आणि हॅडो धक्क्यावरून निघणाऱ्या. दोन धक्के वेगळे आहेत. चुकीच्या धक्क्यावर रिक्षा उतरवली तर सकाळची बोट डोळ्यांदेखत जाते. बोट लागणाऱ्याने सकाळची फेरी घ्यावी, कारण तेव्हा पाणी सहसा शांत असते. मळमळ थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर ती घेऊन फारसा उपयोग नसतो.

सात दिवसांची मांडणी साधारण अशी बसते: पहिली रात्र राजधानीत, पुढच्या तीन स्वराज द्वीपवर, पाचवी शहीद द्वीपवर आणि सहावी पुन्हा राजधानीत. सातव्या दिवशी विमान. तिन्ही बेटांमधला प्रवास त्रिकोणात होतो, त्यामुळे एकच मार्ग दोनदा कापावा लागत नाही. शांतता जास्त प्रिय असेल तर स्वराजवर दोन आणि शहीदवर दोन रात्री कराव्यात. परतीच्या आदल्या रात्री राजधानीत असणे मात्र बदलू नये. हवामान बिघडून बोट रद्द झाली तर हाताशी तेवढीच एक रात्र असते, आणि विमान बोटीसाठी थांबत नाही.

पहिली दुपार सेल्युलर जेलसाठी ठेवावी. या तुरुंगाचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू झाले आणि १९०६ मध्ये संपले. मधल्या मनोऱ्यापासून निघालेल्या सात तीनमजली इमारती, आणि प्रत्येक कोठडीचे तोंड समोरच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसऱ्याचा चेहराही दिसू नये. सातांपैकी आज तीन उभ्या आहेत. मराठी माणसाची पावले तिथे वरच्या मजल्याच्या टोकाच्या कोठडीकडे वळतात. विनायक दामोदर सावरकरांना १९११ च्या जुलैमध्ये इथे आणले गेले आणि १९२१ मध्ये ते इथून हलवले गेले. थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते, तरी दोघांची भेट होणेही दुरापास्त होते. भिंतींवर कोरलेल्या कैद्यांच्या यादीत बंगाल, पंजाब, महाराष्ट्र असे प्रांतवार शेकडो क्रांतिकारक आहेत आणि ती यादी घाईने पाहण्यासारखी नाही. १९७९ मध्ये ही वास्तू राष्ट्रीय स्मारक झाली. संध्याकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रम असतो, त्याची तिकिटे आधी काढावीत. किनाऱ्याच्या सुट्टीची सुरुवात तुरुंगाने का करावी, असे कोणाला वाटेल. पण हा समुद्र ज्यांच्यासाठी भिंत होता त्यांना आधी भेटून मग पाण्यात उतरणे हाच क्रम योग्य. शेवटच्या दिवशी, सामान बांधताना, तुरुंग उरकला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने स्वराज द्वीप. इथली बरीचशी वस्ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेल्या कुटुंबांची. गोविंदनगर, राधानगर, कृष्णनगर, विजयनगर ही गावांची नावे त्यांचीच. म्हणून इथल्या साध्या खाणावळीत भात, डाळ आणि मोहरीच्या वासाचे मासे मिळतात. राहण्याच्या जागा मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर, धक्क्यापासून विजयनगरपर्यंतच्या पट्ट्यात आहेत. पश्चिमेचा राधानगर किनारा तिथून दहाएक किलोमीटरवर. २००४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले आणि २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. बारीक पांढरी वाळू, मागे उंच झाडांचे दाट रान आणि समोर मोकळा सूर्यास्त. तिथे साडेतीनपर्यंत पोहोचावे. मुंबईच्या सवयीने साडेपाचला पोहोचणाऱ्याला हिवाळ्यात फक्त अंधार दिसतो. उगवता सूर्य पाहायचा तर पूर्वेचा कालापत्थर किनारा. वाहन चालवण्याचा परवाना असेल तर स्कूटर सर्वांत सोयीची. दोघांनीही हेल्मेट घालावे.

पाण्यात उतरण्यासाठी दोघे असणे ही खरी जमेची बाजू. स्कूबा डायव्हिंगचे सारे शिक्षण जोडीदाराच्या तत्त्वावर उभे आहे: एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचे, एकमेकांची हवा तपासायची, वर येताना बरोबर यायचे. नळीतून श्वास घेत पृष्ठभागावर तरंगणाऱ्या स्नॉर्कलिंगलाही हेच लागू आहे. प्रवाळ पाहण्यात गढलेला माणूस किनाऱ्यापासून किती दूर आला हे विसरतो, तेव्हा दुसऱ्याने डोके वर काढून पाहावे. न पोहणाऱ्यालाही प्रशिक्षकाबरोबर पहिली डुबकी घेता येते. तीत कमाल १२ मीटरपर्यंत नेतात, बहुधा त्याहून कमीच. आधी आरोग्याचा अर्ज भरून घेतात. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे, सर्दी यांतले काही असेल तर लपवू नये. पाण्याचा दाब वाढू लागला की चोंदलेल्या कानांत तीव्र कळ येते आणि पडदा फाटूही शकतो. सुरुवातीचा पूर्ण अभ्यासक्रम करायचा तर त्यात तीन-चार दिवस जातात आणि १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. दोघांपैकी एकालाच तो करायचा असेल तर दुसऱ्याने त्या दिवसांत काय करायचे ते आधी ठरवावे, नाहीतर आठवडाभर एक जण किनाऱ्यावर टॉवेल सांभाळत बसतो.

स्वराजवरच्याच एलिफंट बीचवर प्रवाळ किनाऱ्यापासून जवळच आहे. तिथे धक्क्यावरून छोट्या बोटीने किंवा रानातल्या पायवाटेने जाता येते. २०१० आणि २०१६ मध्ये पाण्याचे तापमान वाढल्याने अंदमानातले बरेच प्रवाळ पांढरे पडून मेले. उष्णता वाढली की प्रवाळाच्या शरीरात राहणारे आणि त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकले जाते. ताण लवकर ओसरला नाही तर प्रवाळ उपाशी मरतो. जे वाचले आहे त्यावर पाय ठेवू नये, हात लावू नये. उन्हासाठी मलमाचे थर थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालावा. त्वचाही वाचते आणि पाण्यात रसायनेही कमी जातात. या बेटांच्या खाड्यांत आणि कधी किनाऱ्यावरही खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. त्यामुळे जीवरक्षकांनी आखून दिलेल्या भागातच पोहावे, सूर्यास्तानंतर पाण्यात जाऊ नये आणि खारफुटीच्या खाडीजवळ एकट्याने रेंगाळू नये. लाट मागे ओढू लागली तर तिच्याशी झुंजत किनाऱ्याकडे न येता किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे.

पाचव्या दिवशी शहीद द्वीप. स्वराजहून तासाभराचा प्रवास. हे बेट जेमतेम १४ चौरस किलोमीटरचे, सपाट, भाजीपाल्याच्या शेतीचे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास होती. सायकलवरही सारे बेट फिरून होते. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर हे इथले किनारे, आणि इथे मात्र भरती-ओहोटीच मालक. लक्ष्मणपूरजवळची खडकाची नैसर्गिक कमान नीट पाहायची तर ओहोटीच हवी. पाणी उतरले की खडकांच्या खळग्यांत अडकलेले मासे, समुद्रकाकड्या, खेकडे अगदी पायाशी दिसतात. भरतपूरला उलट. तिथला प्रवाळाचा पट्टा उथळ असल्यामुळे पोहायला आणि बोटीला भरतीचे पाणी लागते. म्हणून या बेटाचा दिवस भरतीच्या तक्त्यावरूनच लावावा. कोकणातल्या वाचकाला उधाण आणि भांग ठाऊक असतात: अमावस्या-पौर्णिमेला भरती-ओहोटीतला फरक सर्वांत जास्त, अष्टमीच्या सुमारास सर्वांत कमी. हा नियम अंदमानातही तोच. पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचे कोकणातले गणित त्या किनाऱ्यापुरते आहे, ते इथे वापरू नये. स्थानिक तक्ता घ्यावा आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे धरावे. तारखा निवडतानाच चंद्र पाहिला तर आणखी एक लाभ होतो. अमावस्येजवळच्या काळोख्या रात्री स्वराजच्या खारफुटीत मार्गदर्शकाबरोबर होडी वल्हवली, तर पाणी ढवळताच सूक्ष्म जीव निळसर चमकताना दिसतात. पौर्णिमेच्या चांदण्यात ते दिसेनासे होतात.

बेत आखताना काही गोष्टी गाळण्याचे धाडस लागते. उत्तर अंदमानातले दिगलीपूर सुंदर आहे, पण राजधानीहून रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटर दूर. बॅरन बेटावर दक्षिण आशियातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे, मात्र तिथे उतरता येत नाही आणि बोटीतून दुरून पाहण्यात पूर्ण दिवस जातो. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांची सहल बहुतेक सर्व पॅकेजांत असते. तिचा रस्ता जारवा या आदिम जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला, छायाचित्र घ्यायला, काही द्यायला मनाई आहे, आणि आदिम जमातींच्या संरक्षणासाठीच्या १९५६ च्या विनियमाखाली तसे करणे गुन्हा ठरते. तरीही काचेतून माणसे दिसतील या आशेने बरेच प्रवासी जातात, हे लाजिरवाणे आहे. भल्या पहाटे निघून संध्याकाळी परतण्याचा तो दिवस किनाऱ्यावर घालवणे सर्वच दृष्टींनी बरे. सागरी राष्ट्रीय उद्यानातले जॉली बॉय बेट मात्र कोरड्या हंगामात उघडे असते. तिथे एकदा वापरून फेकायचे प्लास्टिक नेऊ देत नाहीत. या सहलीसाठी राजधानीत एक दिवस वाढवावा लागतो.

सामानात वेगळे असे थोडेच. चेन्नई ते अंदमान समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट खूप सुधारले, तरी लहान बेटांवर ते अधूनमधून जाते आणि एटीएम मोजकी आहेत. म्हणून रोख रक्कम दोघांनी वाटून जवळ ठेवावी आणि तिकिटांची कागदी प्रत दोघांकडे असावी. रोजची औषधे सात दिवसांपेक्षा दोन-तीन दिवस जास्त घ्यावीत. लहान बेटांवर प्राथमिक उपचार मिळतात, मोठे रुग्णालय राजधानीतच आहे. वाळूतल्या बारीक माश्यांसाठी खोबरेल तेल किंवा कीटकरोधक मलम, ओल्या कपड्यांसाठी जलरोधक पिशवी आणि बोटीच्या वातानुकूलनासाठी एक पातळ शाल पुरते.

सहाव्या दिवशी शहीद द्वीपवरून दुपारची बोट धरली की संध्याकाळपर्यंत राजधानी गाठता येते. त्या दिवशी डायव्हिंग ठेवू नये. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळूच बाहेर पडतो. तो पुरता निघण्याआधी विमानातला कमी दाब मिळाला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मेंदू, मज्जारज्जू यांना इजा पोहोचू शकते. एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्या झाल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पाण्याखालचे सारे आटोपले की ही काळजी उरत नाही. किनाऱ्यावर वेचलेले प्रवाळाचे तुकडे आणि शंख आहेत तिथेच ठेवून यावेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ आणि शंखांच्या अनेक जाती संरक्षित आहेत, विमानतळावर सामान तपासले जाते आणि सापडलेले जप्त करून कारवाई होते. शंखाच्या वस्तू घ्यायच्याच तर परवानाधारक दुकानातून घ्याव्यात आणि पावती हातातल्या पिशवीत, वरच ठेवावी.